हाताखाली बसली म्हणजे आली

वन्सं, यंदाच्या दुसऱ्या उबवणीच्या तलंगांपैकी पहिली काल अंड्यावर आली. तांबूस मानेची, जिला तुम्ही ‘नवरी’ म्हणायचात ती. सकाळी जुन्या चाचपून झाल्यावर खुराड्याचं दार पुरतं उघडलं, बाकीच्या भर्रकन अंगणात पांगल्या आणि ही माझ्या पायाशी घुटमळत राहिली. मी हात पुढे केला तर पळाली नाही. पाठ खाली घालून, पंख जरासे फाकवून जमिनीला चिकटून बसली. मी तिला बांबूच्या डालग्याखाली झाकली, खाली थोडा पेंढा सारला आणि कामाला लागले. दुपारी डालगं उचललं तर अंडं होतं. एवढंसं, लिंबाच्या आकाराचं, वर रक्ताची एक बारीक रेघ.

हे तुम्हाला सांगायला मी ओटीवर आले. ओटीवर कोणी नाही हे मला माहीत होतं, तरी आले. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आत गेले. फार वाईट वाटलं म्हणावं, तर तसंही नाही. काहीच वाटलं नाही. मागे महाडला दाढ काढायला गेले होते तेव्हा डॉक्टरांनी सुई टोचली होती, आठवतं? गाल माझाच होता पण बोट लावलं तर कळत नव्हतं. सध्या मी सगळीच तशी आहे. लोक येतात, बोलतात, माझा हात धरून रडतात. मी त्यांना पाणी देते.

माणूस गेलं की सगळे त्याचा जन्म कुठला, शिक्षण किती, आजार कुठला इथून सुरुवात करतात. तुमच्याबद्दल असं बोलायला गेलं तर दोन वाक्यांत संपेल. नवऱ्याची मोठी बहीण, सासरहून परत आलेली, भावाकडे राहिली. भावकीतल्या बायका एवढंच म्हणतात आणि सुस्कारा टाकतात. मला त्या सुस्काऱ्याचा राग येतो. म्हणजे येत असे. सध्या तोही येत नाही.

मला आपली आपल्या दोघींची भांडणं आठवतात. लग्न होऊन मी या वाडीत आले तेव्हा मला कोंबड्यांतलं काहीसुद्धा कळत नव्हतं. माझे वडील महाडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात होते. अंडं म्हणजे दुकानातून कागदात गुंडाळून आणायची वस्तू, इतकीच माझी अक्कल. पहिल्याच आठवड्यात एका पहाटे मागच्या दारी आले तर तुम्ही खुराड्यापुढे उकिडव्या बसलेल्या. एका हातानं कोंबडी काखेत दाबलेली आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या शेपटीखाली.

“शी!” माझ्या तोंडातून निघून गेलं.

“शी काय गो?” तुम्ही मान वर न करता म्हणालात. “अंडं खातेस तवा नाय शी वाटत? ते काय आभाळातून पडतं?”

मग कळलं की हे रोजचंच आहे. खुराड्याचं दार फळीनं अर्धं लावायचं, एकेक कोंबडी बाहेर घ्यायची, चाचपायची. जिच्या पोटात आज अंडं आहे ती डालग्याखाली, बाकीच्या मोकळ्या. न चाचपता सोडली तर ती जाऊन कुणाच्या तरी गोठ्यात, नाहीतर करवंदीच्या जाळीत अंडं घालणार. आपल्या वाडीत कोंबडी कुणाच्या पेंढ्यात बसून आली यावरून बोलणं बंद झालेली घरं आहेत. तुम्ही ती घरं मला नावानिशी दाखवली होतीत. सुनेला गावाची ओळख करून द्यायची ही तुमची पद्धत.

तलंग हा शब्दही तुमच्याकडूनच शिकले. पिल्लू म्हणायला मोठी आणि कोंबडी म्हणायला लहान, अजून एकही अंडं न दिलेली. ती कधी देणार हे ओळखायचं, यावरून आपण किती वर्षं भांडलो! मी डोळ्यांनी ओळखणारी. मला ते हात घालणं कधी जमलं नाही, आणि आवडलंही नाही. मी बघायची. तुरा आधी फिका, गुलाबीसर असतो, तो हळूहळू मिरचीसारखा लाल होतो. तोंडावर तेज येतं. कोपरे धुंडाळायला लागते, माळ्यावर चढते, पाटीत बसून बघते. घशातल्या घशात काहीतरी लांबलचक कुरकुरते. एवढं दिसलं की मी जाहीर करायची, “वन्सं, ही आली.”

तुम्ही हसायचात. “तुरा फसवतो गो. उनात लाल, सावलीत फिका. नाटकी असतात काय काय. हाताला इचार.”

तुमच्या हाताचा हिशोब दोन गोष्टींचा. एक म्हणजे शेपटीखालची दोन हाडं. त्यांच्यात एक बोट मावलं तर अजून वेळ आहे, दोन मावली तर आता होईल, तीन मावली तर झालीच. आणि दुसरी गोष्ट, पाठीवर हात ठेवला की पळते का बसते. लहान असते तोवर पळते, ओरडते, पिसं उडवते. दिवस भरत आले की कोंबड्यापुढे बसावी तशी माणसाच्या हातापुढेही बसते. “हाताखाली बसली म्हंजे आली,” हे तुमचं वाक्य. ते तुम्ही इतक्यांदा म्हणालात, की तुमचा भाऊ पोलादपूरहून दमून येऊन ओटीवर बसला की मी त्यांनाही हेच म्हणायला लागले होते. त्यांना ते मुळीच आवडायचं नाही.

बोटांवरून तर आपलं जुंपलंच होतं. मी एकदाच, तुम्ही फारच मागे लागलात म्हणून, डोळे मिटून बघितलं. म्हटलं, “तीन बोटं मावतात, ही देणार.” तुम्ही बघितलं आणि म्हणालात, “दोनबी नीट मावत नाय.” मग दोघींनी आपापले पंजे शेजारी शेजारी धरले. कुदळ, कोयता, नाचणीची लावणी यांनी जाड झालेली तुमची बोटं, आणि माझी ही अशी. तुमची दोन म्हणजे माझी तीन. तुम्ही इतक्या हसलात, की काखेतली कोंबडी सुटून गेली. मी म्हणाले, मग शास्त्र कुणाच्या बोटाचं धरायचं? ते काही आपण ठरवलं नाही. अजून ठरलेलं नाही, वन्सं.

मी माहेरी निघाले की तुमचं एकच मागणं, खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या. महाडच्या मासळीबाजारात फेकून दिलेल्या शिंपल्या मी पिशवीत भरायची आणि एसटीत मांडीवर घेऊन बसायची. शेजारची बाई नाकाला पदर लावायची. तुम्ही त्या धुऊन, वाळवून, उखळात कुटायचात आणि कणीत मिसळून द्यायचात, पण फक्त अंड्यावर येणाऱ्यांना. मी म्हणायची, सगळ्यांनाच घाला, लवकर देतील. तुम्ही म्हणायचात, “घाई करून कोन देतं? तिची वेळ तिला ठावी.”

हे वाक्य तुम्ही फार जपून म्हणायचात, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

तुम्ही सासरहून परत का आलात, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुमच्या भावानं एकदा, लग्नानंतर लवकरच, दोन शब्दांत सांगितलं होतं. मूल झालं नाही म्हणून. पुढे तुमच्या नवऱ्यानं दुसरी केली. तुम्ही एक ट्रंक आणि एक कोंबडी घेऊन एसटीनं आलात. कोंबडी तुमची स्वतःची होती म्हणून ती सोडली नाहीत. एवढंच. पुढे कधीतरी, धान्य पाखडताना, वाकळ शिवताना, तुम्ही आपणहून सांगाल असं मला वाटायचं. तुम्हाला कदाचित वाटत असेल, ही विचारेल. दोघी एकमेकींची वाट बघत राहिलो आणि कोंबड्यांवरून भांडत राहिलो. त्या भांडणांत आपण एकमेकींना इतकं ओळखलं, की ते विचारायची गरज उरली नाही असं मी मनाशी म्हणायची. आता वाटतं, विचारायला हवं होतं. आता वाटतं तेही डोक्यानंच वाटतं, आत कुठे काही हलत नाही.

काळीवरून आपला शेवटचा वाद. काळी शिमग्याच्या आधीच्या उबवणीची. तिच्या बरोबरच्या दोघी गणपतीच्या आधीच अंडी द्यायला लागल्या आणि हिचा पत्ता नाही. तुरा पानाच्या टोकाएवढा, तोही मातकट. हात पुढे केला की अशी पळते की जणू मी सुरीच घेऊन आले. मी म्हणाले, “वन्सं, ही काही द्यायची नाही.” तुम्ही म्हणालात, “देईल.” मी म्हणाले, “कशावरून?” तुम्ही म्हणालात, “बगतेस कुठं तू? तिचं खानं बग. तिचं चालनं बग.” माझ्या मते तिचं खाणं एखाद्या रेड्याचं होतं आणि चालणं चोराचं.

एकदा शेजारची शेवंता विरजण मागायला आली होती, तिनं काळीकडे बघून सहज म्हटलं, “आत्या, ही वांझ दिसते. कापून टाका.” तुम्ही तिच्या वाटीत दही घातलंत, पदरानं हात पुसलात आणि म्हणालात, “शेवंते, दही घे नि घरी जा.” बस. शेवंताला काही कळलं नाही. मला कळलं. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत, इतक्या कोंबड्यांत, तो शब्द तुमच्या तोंडून एकाही कोंबडीला लागलेला मी ऐकला नव्हता. उशिरा येणारी, आळशी, नाटकी, लबाड, हे सगळे शब्द होते. तो नव्हता.

तरी माझा वाद मी सोडला नाही. सोडला असता तर तुम्हीच म्हणाला असतात, हिला काय झालं, ताप आलाय का.

त्या सकाळी मी आत चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. तुम्ही ओटीच्या पायरीवर सुपात कणी घेऊन बसला होतात. मी आतून ओरडले, “वन्सं, गौरी गेल्या, दसरा आला, तुमची काळी अजून पळतेच आहे. काय ते सांगा आता.” तुम्ही म्हणालात, “पळू दे. दमली का बसंल.” मग मी सुटलेच. म्हटलं, दमेल तेव्हा तुम्ही आणि मी दोघी म्हाताऱ्या झालेल्या असू. म्हटलं, तिच्या खाण्यात एक बोकड पोसला गेला असता. म्हटलं, कबूल करा एकदा, कधीतरी एकदा मी बरोबर असू शकते. तुमच्याकडून उत्तर आलं नाही. मला वाटलं, आज बाई निरुत्तर झाल्या. मी खुशीत आणखी एक भाकरी टाकली.

बाहेर आले तेव्हा तुम्ही खांबाला टेकून बसला होतात. सूप मांडीवरून कलंडलं होतं. तलंगा तुमच्या पदरावर चढून कणी टिपत होत्या आणि काळी सगळ्यांच्या पुढे होती. तुमच्या खांद्याला हात लावेपर्यंत मला काहीच कळलं नाही. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कुणीतरी तव्यावरची भाकरी काढली, कारण घरभर जळका वास सुटला होता.

सुतकाच्या दिवसांत मी कामं करत होते. खुराडं उघडत होते, लावत होते. न चाचपताच सोडत होते, त्यामुळे जुन्या कोंबड्यांनी कुठे कुठे अंडी घातली देव जाणे. शेवंता रोज संध्याकाळी एखादं आणायची आणि ओटीवर ठेवून जायची. तुमच्या सासरचं कोणी आलं नाही. तुमच्या भावानं सगळं रीतीनं केलं. ते माझ्याशी बोलले नाहीत, मी त्यांच्याशी बोलले नाही. रुसून नाही. दोघांकडे शब्दच नव्हते. तुम्ही होतात तेव्हा आम्ही दोघं तुमच्यामार्फत बोलत होतो, हे तेव्हा लक्षात आलं. “बाय, तिला सांग,” असं ते म्हणायचे. “वन्सं, यांना सांगा,” असं मी.

तेरावं उरकलं की भावकीला तिखटाचं जेवण घालायची आपल्याकडची रीत. तुमच्या भावानं पोलादपूरहून मटण आणायचं ठरवलं होतं. पण चुलत भाऊजी आले, गणूभाऊजी, तुम्हीच लहानपणी कडेवर खेळवलेले. ते म्हणाले, “दादा, मटन कशाला? बायनं हातानं वाढवलेल्या कोंबड्या हायेत. तिच्या नावाचं जेवन तिच्याच कोंबड्यांचं होऊ दे. तिलाबी बरं वाटंल.” सगळ्यांना ते पटलं. नर होते ते गौरीला आणि गावदेवाच्या राखणीला आधीच गेले होते. म्हाताऱ्या कोंबड्या शिजता शिजत नाहीत. राहता राहिल्या तलंगा.

तुमच्या भावानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “घ्या. कुठल्याही घ्या.”

हे मी म्हणाले, वन्सं. पहिलं अंडं दिल्याशिवाय तलंगेच्या मानेला हात लावायचा नाही, हा तुमच्या घरातला कायदा. तो मोडू नये म्हणून तुम्ही एकदा खुद्द वाडीच्या एका जावयापुढे डाळ वाढली होतीत, तो किस्सा भावकी अजून सांगते. मला तो कायदा ठाऊक होता. आठवतही होता. पण आठवून काही होत नव्हतं. माणूसच गेलं, तर कोंबड्यांचं काय घेऊन बसायचं, असंही मनात आलं नाही. मनात काही आलंच नाही. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले.

गणूभाऊजी पाटी घेऊन अंगणात उतरले. मला वाटलं होतं आता धावाधाव होईल. झालीच नाही. त्यांनी हात पुढे केला आणि पांढरी बसली. उचलून पाटीखाली घातली. पुढे गेले, ठिपक्यांची बसली. तीही पाटीखाली. मग ‘नवरी’कडे वळले. तिनं एकदा मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं आणि पंख फाकवून गपकन खाली बसली.

“बगा वयनी,” भाऊजी हसत म्हणाले, “बायची मानसाळलेली जात. पळत पन नायत. सोताहून येतात.”

मी तांदळातला खडा हातात धरून बसले होते. तो तसाच राहिला. स्वतःहून येत नाहीत त्या. ज्या द्यायला आल्यात त्याच बसतात, आणि ज्या बसतात त्याच सापडतात. पळणाऱ्या पळून जातात. म्हणजे आठ तलंगांमधल्या नेमक्या ज्या तुम्ही महिनोन्‌महिने चाचपत, शिंपल्या कुटत, घारीपासून राखत इथवर आणल्यात, त्याच आधी जाणार होत्या. आणि भाऊजींना वाटत होतं तुमची माया फळाला आली.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. तांदळाचं ताट पायरीवरून खाली गेलं. शेवंतानं मागाहून सांगितलं की मी ओरडले. इतक्या दिवसांत माझा चढलेला आवाज पहिल्यांदा कोणी ऐकला.

“भाऊजी, ती सोडा. पाटी उचला. बसणाऱ्या सगळ्या सोडा.”

“आनि मग कापू काय?”

“पळतात त्या धरा.”

“पळनाऱ्याच्या मागं धावू व्हय मी? या वयात?”

“हो,” मी म्हणाले, “धावा.”

मग काय अंगण झालं, वन्सं! तुम्ही बघायला हव्या होतात. डोक्याचे केस काढलेला तुमचा भाऊ, धोतर खोचलेले भाऊजी, शेवंताचा नवरा, शेजारचे दोघंतिघं, सगळे पळणाऱ्या तलंगांच्या मागे. एक आंब्यावर चढली. एक गोठ्यातून सुटून थेट शेवंताच्या माजघरात. भाऊजी शेणात घसरले. तुमचा भाऊ खदखदून हसला. हसला आणि तसाच घराच्या मागे निघून गेला. बराच वेळ आला नाही. मी तिकडे गेले नाही. त्यांना त्यांचं एकट्याचं असू द्यावं असं वाटलं.

तिघी पळणाऱ्या सापडल्या. तिसरी काळी.

भाऊजींनी तिला पायाला धरून उलटी केली. त्यांनाही कोंबड्यांतलं कळतं. तुमच्याच हाताखाली शिकले. त्यांनी शेपटीखाली बोटं घातली, मान हलवली आणि म्हणाले, “वयनी, हिचा तर प्रश्नच नाय. हिचं वय बगा, आनि हाडं बगा. वांझ हाय ही. हिला पयली घेतो.”

सगळे ऐकत होते. शेवंता होती, भावकी होती. भाऊजींच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. कोंबडीविषयीच बोलत होते ते. बरोबरच बोलत होते. मी स्वतः इतके महिने तुमच्याशी तेच भांडत होते, फक्त तो शब्द न वापरता. मी फक्त हो म्हटलं असतं, तर आपला वाद कायमचा मिटला असता, माझ्या बाजूनं.

मी म्हणाले, “भाऊजी, या घरात तो शब्द काढायचा नाही. कोंबडीलासुद्धा नाही.”

भाऊजींनी काळीला सरळ केलं आणि खाली ठेवलं. ती पंख झाडून निघून गेली, जरासुद्धा उपकार न मानता. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. मी खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करायला लागले, आणि शेवंता माझ्या शेजारी येऊन बसली आणि तीही गोळा करायला लागली.

जेवणाला दोन तलंगा पुरल्या नाहीत, हे सांगायला नको. तुमच्या भावानं पोलादपूरहून ब्रॉयलर आणली. भावकीनं तुमच्या नावाचं जेवण ब्रॉयलरचं खाल्लं, आणि ताटावर नाकं मुरडली. तुमच्या पानात मी मुद्दाम गावठीचा तुकडा वाढला. त्या दोघी देणाऱ्या नव्हत्या, वन्सं, मी दोन्ही कापल्यावर पोट बघून घेतलं. अंड्यांच्या माळेचा एक दाणाही मोठा झालेला नव्हता. तेवढ्यापुरता तरी तुमचा हिशोब मी चुकवला नाही.

त्या दिवसापासून मी चाचपायला लागले आहे. पहाटे खुराड्यापुढे उकिडवी बसते, फळी अर्धी लावते आणि एकेक बाहेर घेते. शी वाटतं, अजूनही. बोटांचं शास्त्र मी माझ्यापुरतं लावून घेतलंय, माझी तीन म्हणजे दोन. तुमचा भाऊ परवा मागच्या दारी येऊन उभा राहिला, बघत राहिला आणि म्हणाला, “जमतंय का?” तेरावं झाल्यापासून आमच्यातलं ते पहिलं बोलणं, मध्ये कोणी नसताना. मी म्हणाले, “जमेल.” ते तिथेच उंबऱ्यावर बसले. मग मी डालगं मागितलं आणि त्यांनी ते आणून दिलं.

मी बरी आहे असं नाही. दाढेची सुई उतरताना आधी मुंग्या येतात आणि मग दुखायला लागतं, तसं पुढे कधीतरी होईल. त्याची मला भीती वाटते. पण तुम्ही असता तर म्हणाला असतात, दुखायच्या आधी का ओरडतेस.

काळी अजून पळते. अंडं नाही, बसणं नाही, तुरा तसाच मातकट. दाणे मात्र सगळ्यांच्या आधी खाते. येणारीजाणारी माणसं विचारतात, हिला कशाला ठेवलंय? मी सांगते, आमच्या वन्सं म्हणाल्यात, देईल.

खरं सांगू का, मला अजूनही वाटतं, ती द्यायची नाही. पण हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. तुम्हालाच सांगते.